मोटर एकदा पळू द्या

इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मोटर नेमकं कोण चालू करतं, हे एकदा कोपऱ्यात उभं राहून बघावं. बॅच वीस जणांची. एका टेबलाभोवती पाच-सहा जण. त्यातला एकजण, बहुतेक वेळा तोच तो, पुढे होतो आणि कनेक्शन जोडतो. दुसरा मीटरचे आकडे मोठ्याने वाचतो. आकडे लिहून घ्यायचं काम एखाद्या मुलीकडे, कारण तिचं अक्षर चांगलं. उरलेले तिच्या खांद्यावरून वहीत डोकावतात. दोन तास संपतात, सगळ्यांच्या जर्नलमध्ये तीच रीडिंग उतरतात, टर्मवर्कचे मार्क सगळ्यांना मिळतात. चार वर्षांत स्टार्टरच्या हँडलला एकदाही हात न लावता इलेक्ट्रिकलची डिग्री घेता येते, आणि अशी डिग्री घेतलेली मुलं दरवर्षी बाहेर पडतात. यात मुलांचा आळस थोडा आणि संधीचा दुष्काळ फार. मशीन एक, हात वीस, आणि शिकवणाऱ्याच्या मनात कायम धास्ती: काही जळलं तर, कुणाला लागलं तर?

मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल मशिन्स शिकवते. आमच्याकडे आता व्हीआरचे, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचे, चार हेडसेट आहेत. डोळ्यांवर चढवला की समोरची खोली जाते आणि दुसरी लॅब उभी राहते. मान वळवाल तिकडचं दिसतं, खाली वाकलात तर टेबलाखालच्या वायरीही दिसतात. या हेडसेटबद्दल दोन टोकाची मतं माझ्या कानावर येतात. काहीजण म्हणतात, आता खऱ्या लॅबवर खर्च कशाला करायचा. काहीजण म्हणतात, प्रवेशाच्या दिवसांत पालकांना दाखवायला बरं आहे, बाकी काही नाही. मुलांसोबत हे वापरून, त्यांची भांडणं सोडवून, त्यांच्याच मदतीने ते दुरुस्त करून माझं एक मत पक्कं झालं आहे. या यंत्राचं लॅबमधलं खरं काम म्हणजे मुलांना मनसोक्त चुकू देणं. जिच्यात चूक करता येत नाही अशी व्हीआर लॅब विकत घेऊ नये आणि बनवूही नये.

डीसी शंट मोटरचं उदाहरण घेते. ५ हॉर्सपॉवरची, २२० व्होल्टची मोटर पूर्ण लोडवर साधारण २० अँपिअर घेते. तिच्या आर्मेचरचा, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाचा, रेझिस्टन्स मात्र एखाद्या ओहमच्या आसपास. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, ज्याला आम्ही बॅक ईएमएफ म्हणतो, आणि तोच करंटला आवर घालतो. थांबलेल्या मोटरमध्ये तो शून्य असतो. म्हणजे थेट सप्लाय दिला तर पहिल्या क्षणाला २२० अँपिअर धावणार, वीसच्या जागी दोनशेवीस. म्हणून स्टार्टर लागतो. काळ्या पाटीवर अर्धगोलात पितळी स्टड, त्यांच्यावरून सरकणारं स्प्रिंगचं हँडल, आणि शेवटच्या टोकाला एक छोटी कॉइल. हँडल एकेका स्टडवर क्षणभर थांबवत पुढे न्यायचं. मोटर वेग घेत जाते तसतसा मधला रेझिस्टन्स निघत जातो. शेवटच्या स्टडवर कॉइलचं चुंबक हँडलला धरून ठेवतं. लाइट गेली की चुंबक सुटतं आणि स्प्रिंग हँडलला खाडकन मागे आणते.

आता जर्नलमध्ये ‘दक्षता’ नावाच्या मथळ्याखाली एक वाक्य असतं: फील्डचं कनेक्शन घट्ट असल्याची खात्री करावी. पिढ्यान्‌पिढ्या मुलं ते उतरवून काढतात. फील्ड म्हणजे मोटरच्या आत चुंबकीय क्षेत्र तयार करणारी गुंडाळी. तिचं कनेक्शन का घट्ट असावं? कारण मोटर चालू असताना फील्डची वायर निसटली तर आतलं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नाहीसं होतं, लोखंडात मुरलेलं थोडंसं तेवढं उरतं. त्या थोडक्या क्षेत्रात पुरेसा बॅक ईएमएफ तयार करायला मोटरला प्रचंड वेगाने फिरावं लागतं. लोड नसेल तर ती पळत सुटते. वेग दुप्पट झाला की आर्मेचरच्या वाइंडिंगवरचा, म्हणजे तांब्याच्या गुंडाळ्यांवरचा, बाहेर ओढणारा ताण चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. मग बांधणी सुटते, तांबं बाहेर फेकलं जातं.

हे कुठल्याही लॅबमध्ये दाखवता येत नाही आणि दाखवूही नये. फळ्यावर सांगितलं की मुलं मान हलवतात. स्टार्टरचे नेहमीचे प्रकार दोन, थ्री पॉइंट आणि फोर पॉइंट. थ्री पॉइंट स्टार्टरची कॉइल फील्डच्याच वाटेवर असते, त्यामुळे फील्ड तुटलं की हँडलही सुटतं आणि मोटर वाचते. फोर पॉइंटमध्ये ती कॉइल स्वतंत्रपणे सप्लायवर असते, म्हणून तिथे फील्ड तुटलं तरी हँडल जागेवरच राहतं. परीक्षेत हा ‘फरक स्पष्ट करा’चा हुकमी प्रश्न आहे. मुलं तो दोन रकान्यांत पाठ करतात आणि पेपर झाल्यावर विसरतात.

आमच्या व्हीआर लॅबमध्ये हे दोन्ही स्टार्टर शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि फील्डची वायर हाताने उपटता येते. एरवी रीडिंग लिहिण्याचं काम जिच्या वाट्याला यायचं त्या मुलीला मी एकदा मुद्दाम पहिली उभी केली. तिने थ्री पॉइंटवर वायर काढली. हँडल मागे आलं, मोटर थांबली. मग ती फोर पॉइंटकडे वळली. आम्ही बाहेर टीव्हीवर तिला जे दिसत होतं तेच बघत होतो. वायर निघाली, आवाज चढायला लागला. ती वेग दाखवणारा टॅकोमीटर वाचत होती, “अठराशे... बावीसशे... मॅडम, ही थांबंना झालीय!” मी काही बोलले नाही. मेन स्विच तिच्या उजव्या हाताला होता आणि ती हँडलच ओढत बसली. तीन हजारच्या पुढे वाइंडिंग सुटलं, पडदा धुराने भरला, आणि ती खरोखरच दोन पावलं मागे सरून बाकावर आदळली. हेडसेट काढल्यावर तिने विचारलेली पहिली गोष्ट अशी: “आपल्या लॅबमधला स्टार्टर कुठला आहे?” आणि उत्तराची वाट न बघता ती स्वतः बघायला गेली. स्टार्टरचं झाकण, त्यावरची वायरींच्या जागा दाखवणारी एल, एफ, ए ही अक्षरं, भिंतीवरचा मेन स्विच, सगळं तिने त्या दिवशी पाहिलं. तिसऱ्या सत्रापासून ती त्या खोलीत येत होती.

विमान चालवायला शिकवणाऱ्यांना ही गोष्ट फार लवकर समजली होती. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन तरुणाने १९२९ साली आपला पहिला सिम्युलेटर बनवला. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता, आणि त्याने आपला खोटा विमानाचा डबा हलवला तो ऑर्गनमध्ये वापरतात तसल्या भात्यांवर. सतार-तंबोऱ्यांच्या मिरजेशेजारी राहणाऱ्या मला ही गोष्ट विशेष आवडते: वाद्य बनवणाऱ्या घरातून वैमानिकांची शाळा निघाली. सुरुवातीला लिंकचा डबा जत्रेत करमणूक म्हणून गेला. १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांना टपाल वाहून न्यायचं काम मिळालं आणि खराब हवेत, नुसत्या उपकरणांच्या भरवशावर उडायची सवय नसल्यामुळे अनेकजण मेले. त्यानंतर लष्कराने लिंकचे सहा ट्रेनर घेतले. आजही सिम्युलेटरमध्ये वैमानिकांकडून घासून घेतात ते इंजिन बंद पडणं, आग लागणं, ऐन उड्डाणात काहीतरी बिघडणं. स्वच्छ आकाशातलं उड्डाण रोज खऱ्या विमानात होतच असतं, त्यासाठी एवढं महागडं यंत्र कशाला?

डोक्यावर घालायच्या पडद्याची कल्पनाही जुनीच. आयव्हन सदरलँडने १९६८ मध्ये असं उपकरण दाखवलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागायचं, आणि त्यातून दिसायच्या त्या नुसत्या रेषांच्या आकृत्या. २०१२ नंतर मोबाइलचे स्वस्त पडदे आणि सेन्सर वापरून हेडसेट हलके झाले, २०१८-१९ पासून कॉम्प्युटरची वायर न लागणारे आले, आणि मग आमच्यासारख्या कॉलेजांपर्यंत पोहोचले. इतिहास एवढा पुरे.

आमची व्हीआर लॅब बाहेरून आलेली नाही. फायनल इयरच्या कॉम्प्युटरच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून ती युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवली, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. त्यांची पहिली आवृत्ती दिसायला झकास होती. फरशी चकचकीत, मशीनवर धुळीचा कण नाही. वायर चुकीच्या टर्मिनलला नेली की ती लागायचीच नाही. लाल फुली यायची आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशी पाटी. हँडल एका झटक्यात शेवटच्या स्टडवर नेलं तरी मोटर गुमान चालू व्हायची. मी त्यांना म्हटलं, अरे, फुली मारायला मी आहेच की. चुकीची वायर लागू दे. फ्यूज उडू दे. करंट दोनशेवर जाऊ दे, अँमीटरचा काटा टोकाला आपटू दे. मुलांना ते पटेना. “मॅडम, युजरला चुकू दिलं तर ॲप खराब दिसेल.” त्यांच्या विषयात ते बरोबरच असेल. पण लॅबला येणारा मुलगा हा युजर नव्हे, हे त्यांच्या गळी उतरवायला मला बराच वेळ लागला.

मग त्यांना चुका माहीत करून घ्याव्या लागल्या. त्यासाठी आमच्या लॅब असिस्टंटकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणतं. कुठल्या चुकीला काय जळतं, कुठला वास आधी येतो, फ्यूज उडाल्यावर पोरं काय सबब सांगतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कॉम्प्युटरची पोरं, ज्यांचा मशीनशी संबंध पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा चौकोनी जॉब घासण्यापुरता आला होता, ती रोज दुपारी आमच्या लॅबमध्ये येऊन बसायला लागली. त्यांनी स्टार्टर खोलला. स्टडमधलं अंतर व्हर्निअरने मोजलं. हँडल किती वेगाने सरकवलं तर करंट किती उसळतो, याचं गणित मांडायला त्यांना बॅक ईएमएफ समजून घ्यावा लागला, आणि तो त्यांनी आमच्या इलेक्ट्रिकलच्या मुलांपेक्षा चांगला समजून घेतला. प्रोजेक्टच्या व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यातल्या एकाला विचारलं, फील्ड रिओस्टॅट, म्हणजे फील्डचा करंट कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स, सुरुवातीला कुठल्या स्थितीत ठेवायचा? तो म्हणाला, “कमीत कमी रेझिस्टन्सवर, सर. नाहीतर फील्ड कमजोर पडतंय, स्पीड जास्त जातोय आणि सुरुवातीचा टॉर्कपण मिळत नाही.” कॉम्प्युटरचा मुलगा! एखादी गोष्ट खोटी पण हुबेहूब उभी करायची तर खरी गोष्ट आतून-बाहेरून माहीत असावी लागते. म्हणून मला वाटतं, व्हीआर लॅब मुलांकडून बनवून घेण्यातच अर्धं शिक्षण आहे. तयार पॅकेज आणलं की ते अर्धं शिक्षण दुसऱ्या कुणाला तरी मिळून जातं.

एक अडचण मात्र सॉफ्टवेअरने सुटत नव्हती. हेडसेटबरोबर हातात धरायचे कंट्रोलर असतात. बटण दाबलं की आतल्या लॅबमधली वस्तू हातात येते, पण तिला वजन नसतं. फार तर कंट्रोलर थोडा थरथरतो. स्टार्टरच्या हँडलला चांगली दणकट स्प्रिंग असते. ते सरकवताना मनगट लागतं, आणि मधल्या स्टडवर हात ढिला पडला तर हँडल उलटं येतं. व्हीआरवर अगदी सफाईने मोटर चालू करणारी मुलं खऱ्या स्टार्टरपुढे आली की फुलाला हात लावावा तसा हात लावायची आणि हँडल निसटायचं. डोळ्यांना सगळं येत होतं, मनगटाला काहीच येत नव्हतं.

यावर तोडगा मामांनी काढला. स्टोअरमध्ये एक निकामी स्टार्टर पडून होता, कॉइल जळालेली, स्प्रिंग शाबूत. त्यांनी तो लाकडी फळीवर ठोकून टेबलाला पक्का केला. मुलांनी कंट्रोलर वेल्क्रोच्या पट्टीने त्याच्या हँडलला बांधला आणि आतल्या लॅबमधला स्टार्टर बरोबर त्याच जागी आणून बसवला. आता हेडसेट घातलेला मुलगा हात पुढे करतो तेव्हा मुठीत खरं हँडल येतं, स्प्रिंग खरी ओढते, स्टडवरून सरकताना खरी खडखड जाणवते. फक्त वीज नसते. शेवटच्या स्टडवर हँडल धरून ठेवायला जळक्या कॉइलच्या जागी लहानसं लोहचुंबक चिकटवलंय, आणि वर एक दोरा बांधलाय. फील्ड तुटलं की शेजारी उभा असलेला मुलगा दोरा ओढून हँडल सोडवतो. त्या दोरा ओढणाऱ्याला पूर्ण वेळ लक्ष ठेवावं लागतं की फील्ड कधी गेलं. त्यामुळे त्याचाही अभ्यास होतो. हा जुगाड बघायला दुसऱ्या डिपार्टमेंटचे लोक येऊन गेले. मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

रीडिंगचा प्रश्न याहून नाजूक आहे. आमच्याकडे ब्रेक टेस्ट होते: मोटरच्या ड्रमवर पट्टा, पट्ट्याच्या दोन टोकांना दोन स्प्रिंग बॅलन्स. पट्टा आवळत जायचा तसा लोड वाढतो. घर्षणाने ड्रम इतका तापतो की त्याच्या पोकळीत पाणी ओततात. थोड्या वेळात पाण्याच्या वाफा निघतात, कॅनव्हासच्या पट्ट्याचा करपट वास सुटतो, बॅलन्सचे काटे थरथरत राहतात. त्या थरथरत्या काट्यातून एक आकडा निवडायचा, दोन बॅलन्समधला फरक काढायचा, त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मग एफिशियन्सी. हा आलेख पुस्तकासारखा कधीच येत नाही. पट्टा घसरतो, दुपारी सप्लायचा व्होल्टेज खाली येतो, काटा तिरका पाहून वाचला जातो. मग आमची मुलं काय करतात, तर रीडिंग मारतात. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आकडे सरळ करून घेतात. ही सवय एकदा लागली की लागली. पुढे कंपनीत टेस्ट रिपोर्ट लिहितानाही हात तसाच चालतो, आणि तिथे त्या आकड्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.

आमच्या व्हीआरच्या ब्रेक टेस्टमध्ये सुरुवातीला आलेख दर वेळी गुळगुळीत यायचा. मुलं खूश, मी अस्वस्थ. असला आलेख मुलांना सांगतो की निसर्ग तुमच्या पुस्तकाबरहुकूम चालतो, आणि खऱ्या लॅबमध्ये वाकडा बिंदू आला की तो खोडून काढण्याला आणखी एक कारण देतो. म्हणून आता त्यात दर वेळी वेगळी खोट घातली आहे. कधी एका बॅलन्सचा काटा मुळात शून्यावर नसतो. कधी चौथ्या रीडिंगला पट्टा घसरतो. कधी व्होल्टेज दहा-बाराने उतरतो. मुलाने शेवटी आलेखावरच्या चुकार बिंदूवर बोट ठेवून कारण सांगायचं. कारण बरोबर असेल तर पूर्ण मार्क, मग आलेख कितीही वाकडा येवो. दोन मुलांची रीडिंग सारखी येणं शक्यच नाही, त्यामुळे जर्नल उतरवायची सोयही संपली. यंत्राच्या साहाय्याने प्रामाणिकपणाला थोडी जागा करून देता आली, याचं मला फार समाधान वाटतं.

तरीही खरी लॅब ती खरी लॅब. पलूसकडचा एक मुलगा आहे, घरी विहिरीवर मोटर. इंडक्शन मोटरच्या प्रॅक्टिकलला एकदा नुसता ‘हूंऽऽ’ असा आवाज आला आणि मोटर हलेना. बाकीचे कनेक्शन तपासायला लागले, हा दारातूनच म्हणाला, “मॅडम, एक फेज गेलाय.” गेलाच होता, एक फ्यूज उडाला होता. रात्री-अपरात्री शेतीची लाइट येते तेव्हा अंधारात मोटरच्या आवाजावर कान ठेवून मोठी झालेली ही पोरं. तीन फेजपैकी एक गेला की चालती मोटर लगेच थांबत नाही, कण्हत राहते, उरलेल्या दोन फेजमधून जादा करंट ओढते आणि बघता बघता वाइंडिंग जळतं. मग ती टेम्पोत घालून रिवाइंडिंगच्या दुकानात. हे नुकसान त्यांनी घरात सोसलेलं असतं. आपला अभ्यासक्रम त्यांना याबद्दल कधी विचारत नाही.

या मुलाने आमच्या व्हीआरमधली एक मोठी उणीव दाखवली. “ह्यात आवाज एकच हाय मॅडम. लोड घेतला की मोटरचा आवाज बदलतोय की.” अगदी खरं होतं. मुलांनी एकच रेकॉर्डिंग गोल गोल वाजवलं होतं. मग तो स्वतःच मोबाइल घेऊन लॅबमध्ये बसला, वेगवेगळ्या लोडवरचे आवाज रेकॉर्ड केले, आणि गावाकडे जाऊन फेज गेलेल्या मोटरचा, बेअरिंग खराब झालेल्या मोटरचा, हवा धरलेल्या पंपाचा आवाजही घेऊन आला. आता आतल्या लॅबमध्ये डोळे मिटून बिघाड ओळखायचा एक वेगळा सराव आहे. त्यात गावाकडची मुलं शहरातल्यांना सहज मागे टाकतात. इंग्रजीच्या भीतीने वर्गात तोंड न उघडणारा मुलगा जेव्हा चारचौघांत पहिला येतो, तेव्हा त्याची पाठ कशी ताठ होते, ते मी पाहिलंय.

रोजच्या वापरातल्या अडचणीही सांगते, कारण त्या हेडसेट विकायला येणारे सांगत नाहीत. डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कानातल्या तोलाच्या अवयवाला आपण उभेच आहोत असं कळतं. या विसंगतीमुळे काहींना मळमळतं. मान वळवल्यावर चित्र बदलायला सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे वीस मिलिसेकंद, यापेक्षा जास्त वेळ लागला तर त्रास वाढतो. आमच्या मुलांनी पहिल्यांदा इतकं बारीक काम केलं होतं की हेडसेटला ते झेपेना, चित्र अडखळायचं आणि मुलं दारात जाऊन उभी राहायची. शेवटी भिंतीवरची चित्रं, खिडकीबाहेरची झाडं काढून टाकली, मोटर आणि पॅनेल तेवढे बारकाईने ठेवले. एकेकाला एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवायचं नाही, हा आमचा नियम. लांब केसांच्या मुलींना पट्टा नीट बसत नाही, वेणी खाली घ्यावी लागते. चष्मेवाल्यांसाठी पुढे एक चौकट लावावी लागते. केसांचं तेल आणि एप्रिलमधला सांगलीचा घाम त्या स्पंजमध्ये मुरतो. आम्ही वरून धुता येणारं कव्हर लावतो आणि डोळे आल्याची साथ असली की हेडसेट कपाटात कुलूपबंद. बॅटरी दोन-अडीच तासांत उतरते. या सगळ्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो. म्हणजे लॅब असिस्टंटचं पद कमी होत नाही, त्याचं काम वाढतं, हे व्यवस्थापनांनी लक्षात घ्यावं.

आणि हे मी अगदी कळकळीने लिहिते आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये प्रॅक्टिकल बंद पडली तेव्हा केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्जनी आम्हाला तारलं. आयआयटी आणि इतर संस्थांनी बनवलेले ते प्रयोग ब्राउझरवर फुकट मिळतात, आणि खेड्यात मोबाइलवर बसलेल्या मुलांना तेवढाच आधार होता. पण त्या काळात शिकलेल्या बॅचला पुढे लॅबमध्ये आणलं तेव्हा त्यांना वायरचं टोक सोलता येत नव्हतं. त्यांचा काही दोष नव्हता. संकटातली सोय कायमची व्यवस्था झाली, तर पुढच्या प्रत्येक बॅचचं तेच होईल. ज्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर कारखाना वसवला आणि लोखंडी नांगर ओतले, त्या जिल्ह्यातल्या इंजिनिअरला लोखंडाचा स्पर्श परका व्हावा, हे मला सहन होण्यासारखं नाही. हेडसेटच्या बिलाकडे बोट दाखवून कुणी जुनी मोटर भंगारात काढायला निघालं, तर तिच्या आड उभं राहायची माझी तयारी आहे.

उलट हे तंत्र आपल्या आसपासच्या मोठ्या यंत्रांकडे वळवावं असं मला वाटतं. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून मिरज, कवठेमहांकाळ, जतच्या दुष्काळी भागाकडे नेलं जातं. तशाच ताकारी आणि टेंभू या योजना आहेत. तिथले अजस्र पंप आणि मोटरी हे आमच्या विषयाचं जिवंत पाठ्यपुस्तक. सहल काढली की पन्नास मुलं कठड्यामागे उभी राहतात, आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, आणि अर्ध्या तासात बस परत फिरते. पंप थांबवून, पाणी सोडून, त्याच्या पोटात शिरून इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं चाक, बघणं तर कुणाच्याच नशिबी नाही. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या १९६० मेगावॉटमधला मोठा वाटा डोंगराच्या पोटातल्या वीजघरांतून येतो. तिथल्या टर्बाइनपाशी उभं राहायला किती मुलांना मिळणार? या जागा रीतसर परवानगीने चित्रित करून, नकाशे घेऊन, आतून-बाहेरून फिरता येतील अशा उभ्या केल्या तर जतच्या मुलाला आपल्या शिवारात येणारं पाणी कुठल्या मोटरने उचललं ते आत शिरून बघता येईल. काम मोठं आहे, एका कॉलेजचं नाही. जिल्ह्यातल्या दोन-चार कॉलेजांनी मिळून हातात घेतलं तर मी पहिल्या दिवसापासून सोबत आहे.

सध्या आमच्या हातात मामांची यादी आहे. फायनल इयरच्या नव्या गटाने त्यांच्यासमोर बसून लॅबमध्ये होणाऱ्या चुका आणि बिघाड लिहून घेतलेत. महापुरात बुडालेली मोटर मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) न लावता चालू करणं त्यात आहे. २०१९ च्या पुरानंतर अशा कितीतरी मोटरी सुकवण्याआधीच सुरू करून जाळल्या गेल्या. लोड नसला की पळत सुटणारी सीरीज मोटर लोडशिवाय चालू करणं आहे. अँमीटर समांतर जोडणं आहे, आणि ते तर दरवर्षी कुणीतरी करतंच. सिंक्रोनायझिंगला, म्हणजे चालता जनरेटर सप्लायला जोडताना, दिवे विझायच्या आधी स्विच मारणं आहे. पहिल्या तीन-चार गोष्टी तयार होत आल्यात. अडलंय ते कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरला करंट पोचवणाऱ्या तांब्याच्या गोल भागाच्या, ठिणग्यांवर. त्यावर घासणारा ब्रश नीट बसला असताना बारीक निळसर ठिणगी कशी दिसते आणि बिघडल्यावर पिवळी, लांबट होऊन कम्युटेटरवर काळे पट्टे कसे येतात, हे मुलांना पडद्यावर काही केल्या जमेना. त्यांनी खरी ठिणगी नीट पाहिलेलीच नाही. म्हणून येत्या शनिवारी दुपारी मोठी मोटर लोडवर चालवून, लॅबचे दिवे घालवून, ती बघायचं ठरलंय. कॉम्प्युटरची सगळी पोरं येणार आहेत. मामांनी दारावर सूचना लावली आहे की बूट घालूनच यायचं, चपला घालून आलेल्याला आत घेणार नाही.